सैन्यसेवेतून निवृत्ती आणि नागरी आंतरवासिता : आखाडा बाळापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

भारतीय स्थलसेनेतील शिपाई ज्या वयात निवृत्त होतो, त्या वयात महाविद्यालयीन अध्यापकाची सेवा नुकतीच स्थिरावलेली असते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला जवान पेन्शनपात्र सेवेची किमान १५ वर्षे किंवा त्याहून थोडी अधिक सेवा पूर्ण करून पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान घरी परततो. तिन्ही सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे ६०,००० सैनिक असे बाहेर पडतात. त्यांतील मोठा वर्ग ग्रामीण भागातील आहे. निवृत्तीनंतर त्यांच्यापुढे कामाची आणखी वीस-पंचवीस वर्षे शिल्लक असतात. मुलांची शिक्षणे अर्धवट असतात, आईवडील थकलेले असतात आणि पेन्शन मिळत असली तरी ती पूर्वीच्या वेतनाच्या जवळपासही नसते. म्हणजे शब्दाने ही निवृत्ती असली तरी प्रत्यक्षात तो व्यवसायबदल असतो. बदलाची पूर्वतयारी सेवेत असतानाच कशी करावी, हा या विषयाचा गाभा होय.

पूर्वतयारीचा सर्वांत उपयुक्त प्रकार म्हणजे नागरी क्षेत्रातील एखाद्या आस्थापनेत ठरावीक काळ प्रत्यक्ष काम करून ते काम समजून घेणे. यालाच येथे ‘नागरी आंतरवासिता’ असे म्हटले आहे. ‘आंतरवासिता’ हा शब्द अध्यापकवर्गाला बी.एड. आणि वैद्यकीय अभ्यासक्रमांमुळे परिचित आहे. मात्र सैनिकाच्या बाबतीत त्याचा अर्थ थोडा वेगळा होतो. बी.एड.चा विद्यार्थी शिकलेले शाळेत वापरून पाहतो. सैनिकाने कामाची शिस्त, यंत्रे, हिशेब, माणसे सांभाळणे हे सारे आधीच वापरलेले असते. त्याला हवी असते ती नागरी जगाची भाषा आणि तेथील कामाची रीत. त्यामुळे त्याला नवशिका मानून आखलेली आंतरवासिता बहुधा निरुपयोगी ठरते.

प्रस्तुत लेखात हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूर व आसपासचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून अशा आंतरवासितेचे नियम, काळ, स्थळ आणि महाविद्यालयाची भूमिका यांचे विवेचन केले आहे. पुणे-मुंबईच्या निवृत्त अधिकाऱ्याला उपलब्ध असलेले मार्ग आणि बाळापूरच्या निवृत्त हवालदाराला उपलब्ध असलेले मार्ग यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि या विषयावरील बहुतेक माहिती पहिल्या वर्गासाठीच लिहिलेली असते.

पार्श्वभूमी :

हिंगोलीला सैन्य नवे नाही. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी हिंगोली येथे होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली आणि छावणीचे महत्त्व संपले, पण शहरातील ‘रिसाला बाजार’ या नावात तिची खूण अद्याप टिकून आहे. दि. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. मोठे उद्योग नसलेल्या या जिल्ह्यात शेती, शिक्षकी पेशा, पोलीस भरती आणि सैन्य भरती हेच तरुणांचे ठळक मार्ग राहिले आहेत.

सैनिकांच्या पुनर्वसनाचा विचार भारतात प्रथम मोठ्या प्रमाणावर झाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. युद्धकाळात हिंदी सैन्याची संख्या २० लाखांच्याही पुढे गेली होती. युद्ध संपताच यांतील बहुसंख्य माणसे घरी पाठवायची होती. त्यासाठी जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व सेवायोजन महासंचालनालय स्थापन झाले आणि त्याच्या अधिपत्याखाली सेवायोजन कार्यालये उघडण्यात आली. आज ज्याला लोक ‘रोजगार नोंदणी कार्यालय’ म्हणून ओळखतात, त्याचा जन्म बेकार पदवीधरांसाठी नव्हे, तर युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी झाला होता, ही गोष्ट आता जवळजवळ विस्मरणात गेली आहे. पुढे ही कार्यालये सर्वसामान्य जनतेसाठी खुली झाली आणि सैनिकांच्या पुनर्वसनाचे काम संरक्षण मंत्रालयाकडील पुनर्वसन महासंचालनालय, केंद्रीय सैनिक बोर्ड, राज्यांचे सैनिक कल्याण विभाग आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये यांच्याकडे गेले. केंद्रात माजी सैनिक कल्याणाचा स्वतंत्र विभाग २००४ मध्ये निर्माण झाला. महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय पुणे येथे असून माजी सैनिकांना, मुख्यतः सुरक्षा क्षेत्रात, काम मिळवून देणारे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजेच ‘मेस्को’, हेही पुण्यातूनच चालते.

परदेशातील दोन पद्धती :

आंतरवासितेची कल्पना स्पष्ट होण्यासाठी परदेशातील दोन व्यवस्थांचा उल्लेख आवश्यक आहे. अमेरिकेत ‘स्किलब्रिज’ या योजनेखाली सैनिकाला सेवेच्या अखेरच्या १८० दिवसांत नागरी कंपनीत प्रत्यक्ष काम करता येते. या काळात त्याचे वेतन व भत्ते सैन्यच देते आणि कंपनी त्याला वेतन देत नाही. अट एकच, पण कठीण आहे : वरिष्ठ अधिकाऱ्याची संमती. तुकडीत माणसे कमी असतील तर ती मिळत नाही. अलीकडच्या वर्षांत तेथील सेनादलांनी हुद्द्यानुसार ही मुदत कमी केली आहे. यावरून इतके दिसते की सैनिकाचे हित आणि तुकडीची गरज यांतील ताण श्रीमंत देशातही सुटलेला नाही.

ब्रिटनमध्ये १९९८ पासून सैन्य आणि खाजगी संस्था यांच्या भागीदारीतून पुनर्वसनाचे काम चालते. तेथे सेवेच्या वर्षांनुसार पुनर्वसनासाठी कामाचे दिवस मिळतात. १६ वर्षांहून अधिक सेवा झालेल्या सैनिकाला ३५ कामकाजी दिवस मिळतात आणि ते प्रशिक्षणासाठी किंवा एखाद्या नागरी आस्थापनेत जाऊन काम पाहण्यासाठी वापरता येतात. हे दिवस रजेतून कापले जात नाहीत. पुनर्वसनाचे दिवस ही सैनिकाची स्वतंत्र मिळकत आहे, रजा ही दुसरी मिळकत आहे, असे तेथे मानले जाते. भारतीय सैनिकाच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे.

भारतातील तरतुदी :

भारतात पुनर्वसन महासंचालनालयातर्फे निवृत्तीच्या उंबरठ्यावरील सैनिकांसाठी प्रशिक्षण अभ्यासक्रम चालविले जातात. अधिकाऱ्यांसाठी भारतीय व्यवस्थापन संस्थांसारख्या नामांकित संस्थांत सहा महिन्यांपर्यंतचे व्यवस्थापन अभ्यासक्रम असतात. त्यांच्या शुल्कापैकी ६० टक्के रक्कम महासंचालनालय भरते आणि ४० टक्के अधिकाऱ्याला भरावी लागते. कनिष्ठ आयुक्त अधिकारी व अन्य हुद्द्यांवरील जवान यांच्यासाठीचे अभ्यासक्रम मोफत असतात. सुरक्षा, संगणक, शेतीपूरक व्यवसाय, वाहन दुरुस्ती, भांडार व्यवस्थापन असे त्यांचे विषय असून कालावधी काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत असतो. मागणी युनिटमार्फत करावी लागते.

ही व्यवस्था उपयुक्त असली तरी तिच्या दोन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे अभ्यासक्रम मुख्यतः मोठ्या शहरांत होतात. दुसरी अधिक मूलभूत आहे. अभ्यासक्रम म्हणजे आंतरवासिता नव्हे. पुण्यात दुग्धव्यवसायाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या जवानाला कळमनुरी तालुक्यात दूध कोण घेतो, चारा उन्हाळ्यात कोठून येतो आणि पशुवैद्यक किती अंतरावर आहे, हे त्या प्रमाणपत्रातून कळत नाही. अभ्यासक्रम विषय शिकवतो, आणि गाव शिकण्यासाठी गावातच काही दिवस काढावे लागतात. विशेषतः जो माणूस सतरा वर्षांत दरवर्षी केवळ रजेपुरता गावात आला, त्याच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. त्याच्या आठवणीतील बाजारपेठ आणि आजची बाजारपेठ यांत एका पिढीचे अंतर पडलेले असते.

नोकऱ्यांतील आरक्षणाचा येथे थोडक्यात उल्लेख पुरेसा आहे. १९७९ च्या नियमांनुसार केंद्र शासनाच्या गट ‘क’ मधील १० टक्के व तत्कालीन गट ‘ड’ मधील २० टक्के पदे माजी सैनिकांसाठी राखीव आहेत. महाराष्ट्र शासनाच्या गट ‘क’ व ‘ड’ मध्ये हे प्रमाण १५ टक्के समांतर आरक्षणाच्या रूपात आहे. मुदत संपण्यास एक वर्षाहून कमी काळ उरलेल्या सैनिकाला सेवेत असतानाच केंद्रीय नागरी पदासाठी अर्ज करता येतो. म्हणजे शेवटचे वर्ष हे नागरी जीवनाच्या तयारीचे वर्ष आहे, हे तत्त्व शासनाने नोकरीच्या अर्जापुरते मान्य केलेले आहे. आंतरवासितेपुरते ते अद्याप स्पष्ट शब्दांत मान्य झालेले नाही.

याच संदर्भात अध्यापकांना वारंवार पडणाऱ्या एका प्रश्नाचा खुलासा करणे इष्ट ठरेल. १५ वर्षे सेवा झालेल्या मॅट्रिक उत्तीर्ण सैनिकाला गट ‘क’ मधील, पदवीची अट असलेल्या काही पदांसाठी पात्र धरले जाते आणि तसे प्रमाणपत्र त्याला निवृत्तीच्या वेळी दिले जाते. हे प्रमाणपत्र हाती घेऊन माजी सैनिक एम.ए. प्रवेशासाठी महाविद्यालयात येतात. ही समकक्षता नोकरीपुरती आहे. पदव्युत्तर प्रवेशासाठी ती विद्यापीठीय पदवीची जागा घेऊ शकत नाही. कार्यालयातील लिपिकाने ‘चालत नाही’ एवढे दोन शब्द सांगून त्याला परत पाठविणे हे नियमाला धरून असले तरी अपुरे आहे. त्याच भेटीत त्याला मुक्त विद्यापीठाचा किंवा बहिःशाल पदवीचा मार्ग दाखविता येतो.

रजेचा काळ आणि कायद्याची चौकट :

आता मुख्य प्रश्न. सेवेत असलेल्या सैनिकाला नागरी आंतरवासिता करता येते काय? सैनिक रजेवर असला तरी तो सैन्य अधिनियम, १९५० च्या कक्षेतच असतो. परवानगीशिवाय दुसरीकडे वेतनी काम करणे त्याला चालत नाही. त्यामुळे ‘सुट्टीत आलोच आहे, तर महिनाभर मेहुण्याच्या दुकानावर पगारी बसतो’ हा मार्ग कितीही सोपा दिसला तरी तो धोक्याचा आहे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ खालील करार हाही नोंदणीकृत करार असल्याने सेवेतील माणसासाठी उपयोगाचा नाही. निवृत्तीनंतर मात्र तो मार्ग मोकळा होतो.

उरतो तो विनावेतन, विनाकरार निरीक्षणाचा मार्ग. युनिटला लेखी कळवून आणि संमती घेऊन रजेच्या काळात एखाद्या आस्थापनेत जाऊन काम पाहणे, माहिती टिपणे, माणसांशी ओळख करून घेणे, असे त्याचे स्वरूप असावे. जवानाला वर्षाला साधारणपणे ६० दिवसांची वार्षिक रजा असते. शेवटच्या वर्षातील या रजेपैकी वीस दिवस जरी त्याने या कामी दिले, तरी दिवसाला सहा तासांप्रमाणे १२० तास होतात. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार ३० तासांच्या अध्ययनाला १ श्रेयांक धरला जातो. म्हणजे हे १२० तास ४ श्रेयांकांच्या बरोबरीचे झाले. महाराष्ट्रातील नव्या अभ्यासक्रम रचनेत विद्यार्थ्याच्या कार्यप्रशिक्षणाला, ज्याला महाविद्यालयांत सर्रास ‘ओजेटी’ म्हटले जाते, एवढेच ४ श्रेयांक आहेत. हा योगायोग उपयोगी आहे. त्याचा विचार पुढे येईल.

यात एक दुःखद बाजू आहे, तीही नोंदविली पाहिजे. जवानाची रजा ही त्याच्या कुटुंबाची रजा असते. वर्षातून दोनदा घरी येणाऱ्या माणसाने त्यातील वीस दिवस बाजार समितीत वा कृषी केंद्रात काढावेत, अशी अपेक्षा करणे म्हणजे ब्रिटिश सैनिकाला जे राज्य देते, ते भारतीय सैनिकाने पत्नी-मुलांच्या वाट्यातून काढून द्यावे, असे म्हणण्यासारखे आहे. यावर तूर्त उपाय एवढाच की काम गावापासून रोज जाऊन येण्याच्या अंतरावर असावे. संध्याकाळी माणूस घरी असला पाहिजे. बाळापूरच्या जवानासाठी छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यातील आंतरवासितेपेक्षा तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रातील आंतरवासिता श्रेष्ठ का, याचे हे एक साधे कारण आहे.

दुसरी गोष्ट अपघाताची. सेवेत असताना आलेल्या अपंगत्वासाठी विशेष पेन्शन मिळायची, तर त्या दुखापतीचा सैन्यसेवेशी कार्यकारणसंबंध दाखवावा लागतो. रजेवर असताना खाजगी कामात झालेल्या दुखापतीत तो दाखविणे फार कठीण असते. हळद पॉलिश करण्याच्या ढोलात हात अडकला, तर निवृत्तीला सहा महिने उरलेला माणूस दोन्हीकडून रिकामा राहू शकतो. म्हणून रजेतील आंतरवासिता ही पाहण्याची व समजून घेण्याची असावी, यंत्र हाताळण्याची नसावी. यंत्रावरील काम निवृत्तीनंतरच्या टप्प्यात ठेवावे आणि त्यावेळी अपघात विमा उतरवूनच ठेवावे.

परिसरातील स्थळे :

आखाडा बाळापूर हे नांदेड-हिंगोली मार्गावरील बाजारपेठेचे गाव आहे. येथे आंतरवासितेसाठी कंपन्या नाहीत, हे खरे. पण कामे नाहीत, असे नाही. शेतमालाचा बाजार, बँकांच्या शाखा, सहकारी संस्था, पोलीस ठाणे, शाळा, दवाखाने, वाहनांची दुरुस्ती केंद्रे आणि आसपासच्या ग्रामपंचायती ही सारी प्रत्यक्ष काम शिकण्याची स्थळे आहेत. त्यांच्याकडे आंतरवासितेची छापील योजना नसते एवढेच.

कळमनुरी तालुक्यातीलच तोंडापूर येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. शेतीकडे वळू पाहणाऱ्या सैनिकासाठी हे पहिले ठिकाण. परंतु हिंगोली जिल्ह्यात शेतीकडे वळणे म्हणजे बहुतांशी हळदीचा विचार करणे होय, आणि हळदीच्या बाबतीत वेळेचे गणित निर्णायक ठरते. हळदीची लागवड साधारणतः मे अखेर ते जून या काळात होते. पीक आठ-नऊ महिने जमिनीत असते. काढणी जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत चालते. त्यानंतर कंद शिजविणे, पंधरा दिवसांच्या आसपास उन्हात वाळविणे, ढोलात घालून पॉलिश करणे, प्रतवारी आणि मग बाजार, हा क्रम उन्हाळाभर चालतो. हिंगोलीचा संत नामदेव हळद बाजार आणि वसमतची बाजारपेठ या दोन्ही ठिकाणी आवकेचा जोर याच महिन्यांत असतो. हळदीचे खरे अर्थकारण लागवडीत कमी आणि शिजविण्यापासून विक्रीपर्यंतच्या या तीन महिन्यांत जास्त असते. ओलावा किती राहिला, गठ्ठा आणि सोरा वेगळे काढले की नाही, माल आज विकावा की गोदामात ठेवून तारण कर्ज घ्यावे, हे निर्णय याच काळात होतात.

आता कल्पना करावी की एखाद्या जवानाने शेवटची मोठी रजा ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळीला घेतली आणि तो ३० जूनला निवृत्त होऊन आला. त्याने हळद उभी पाहिली, पण हळदीचा धंदा पाहिलाच नाही. हातात निवृत्तीची रक्कम आहे, भावाने ‘पॉलिशचे यंत्र घेऊ’ असा आग्रह धरला आहे आणि यंत्र चालते कसे, भाडे किती मिळते, वर्षातले किती दिवस ते नुसते उभे राहते, यांतले काहीच त्याने डोळ्यांनी पाहिलेले नाही. त्याच रजेतील वीस दिवस मार्चमध्ये घेतले असते तर हा निर्णय वेगळ्या माहितीवर झाला असता. सैनिकाला सल्ला देणाऱ्याने म्हणूनच प्रथम विचारावयाचा प्रश्न ‘कोणता व्यवसाय?’ हा नसून ‘रजा कोणत्या महिन्यात?’ हा आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि वसमत येथे बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रही स्थापन झाले आहे. शास्त्रीय माहितीसाठी ही ठिकाणे उत्तम आहेत, पण भाव कसा ठरतो, हे आडत दुकानात बसूनच कळते.

शेतीबाहेरची कामे थोडक्यात सांगता येतील. सैन्यातील वाहनचालकाला नागरी वाहन परवाना वेगळा काढून घ्यावा लागतो आणि ही प्रक्रिया त्याने निवृत्तीपूर्वीच सुरू करावी. भांडार सांभाळलेल्या माणसाला खत-बियाण्यांच्या दुकानात किंवा सहकारी संस्थेच्या गोदामात साठा-नोंदीचे काम परके वाटत नाही, मात्र वस्तू व सेवा कर आणि संगणकीय हिशेब नवा असतो. रुग्णसेवा सहायक म्हणून पंधरा वर्षे काम केलेल्याची स्थिती अधिक नाजूक आहे. त्याचे हात कसलेले असतात, पण परिचर्या परिषदेच्या नोंदणीवाचून त्याला परिचारक म्हणून काम करता येत नाही. अशा माणसाने गावात ‘डॉक्टर’ म्हणून दुकान थाटल्याची उदाहरणे ग्रामीण भागात सर्वांना ठाऊक आहेत. योग्य आंतरवासिता त्याला रुग्णालयाचे व्यवस्थापन, औषध भांडार किंवा रुग्णवाहिका सेवा याकडे नेऊ शकते.

सुरक्षारक्षकाची नोकरी हा सर्वांत सुलभ मार्ग आहे आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्यासाठी आंतरवासिता लागत नाही, आणि म्हणूनच बहुतेकजण तिकडेच जातात. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असलेला निवृत्त हवालदार पूर्वी चाळीस माणसांचे रेशन, कपडे, शस्त्रे आणि रजा सांभाळत होता, हे दारातून आत-बाहेर करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

अग्निवीरांचा प्रश्न :

दि. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने या विषयाचे स्वरूपच बदलले. या योजनेत तरुणाची नेमणूक चार वर्षांसाठी होते. त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्के पुढे नियमित सेवेत घेतले जातात, अशी मूळ तरतूद आहे. उर्वरितांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी मिळतो, पेन्शन मिळत नाही आणि योजनेच्या मूळ रचनेनुसार माजी सैनिकाचा दर्जाही मिळत नाही. पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण २०२२ च्या अखेरीस व जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. म्हणजे त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या प्रारंभी पूर्ण होतात.

जुना जवान चाळिशीत पेन्शन घेऊन येत असे. अग्निवीर बावीस-पंचवीस वर्षांचा, एकरकमी पैसा घेऊन येणार आहे. त्याचे वर्गमित्र त्यावेळी पदवीधर झालेले असतील. वय पाहता तो महाविद्यालयाचाच विद्यार्थी आहे, आणि या दृष्टीने त्याचा प्रश्न सैनिक कल्याण कार्यालयाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, महाविद्यालयाचा आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या माध्यमातून अग्निवीरांसाठी जाहीर झालेल्या पदवी अभ्यासक्रमात निम्मे श्रेयांक सेवाकालीन कौशल्य प्रशिक्षणाचे धरले जातात. दहावी उत्तीर्ण अग्निवीरांसाठी बारावीची सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत आहे.

शासनाच्या नव्या आंतरवासिता योजनांत जुना जवान आणि अग्निवीर यांचे नशीब नेमके उलटे पडते. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत वयोमर्यादा १८ ते ३५ वर्षे आणि विद्यावेतन बारावी उत्तीर्णांस ६,०००, आय.टी.आय. वा पदविकाधारकांस ८,००० व पदवीधरांस १०,००० रुपये असे ठरविण्यात आले. प्रशिक्षणाची मुदत प्रारंभी सहा महिने होती, ती २०२५ मध्ये अकरा महिने करण्यात आली. एकोणिसाव्या वर्षी भरती होऊन सतरा वर्षांची सेवा केलेला जवान या मर्यादेत एका वर्षाने चुकतो. केंद्र शासनाच्या ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत वयाची अट २१ ते २४ वर्षे अशी ठेवण्यात आली. अठराव्या वर्षी गेलेला अग्निवीर तीत बसतो, एकविसाव्या वर्षी गेलेला बसत नाही. दोन्ही योजना सैनिकांना समोर ठेवून आखलेल्या नाहीत, त्यामुळे यात कोणाचा दोष काढण्यासारखे काही नाही. मात्र माजी सैनिकांसाठी वयाची सवलत नोकरभरतीत सर्वत्र दिली जाते, ती कार्यप्रशिक्षणात का असू नये, याचे समाधानकारक उत्तर सापडत नाही.

महाविद्यालयाची भूमिका :

ग्रामीण महाविद्यालयाचा सैन्याशी संबंध जाण्याच्या वाटेवर भरपूर असतो. राष्ट्रीय छात्रसेनेची परेड, भरतीपूर्व व्यायाम, निवड झालेल्यांचा सत्कार हे सारे होते. परतीच्या वाटेवर मात्र महाविद्यालय कोठेच नसते. वास्तविक आंतरवासितेसाठी लागणारी यंत्रणा नव्या शैक्षणिक धोरणामुळे महाविद्यालयात आपोआप उभी राहिली आहे. विद्यार्थ्यांच्या कार्यप्रशिक्षणासाठी आस्थापनांशी करार केलेले असतात, पर्यवेक्षक नेमलेले असतात, नोंदवही व अहवालाचे नमुने तयार असतात. बाळापूरच्या परिसरातील ज्या दुकानदाराकडे वा संस्थेकडे वाणिज्य शाखेचे विद्यार्थी जातात, तेथेच रजेवरील एक जवानही जाऊ शकतो. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. लागतो तो एक अध्यापक, ज्याच्याकडे पत्रव्यवहार असेल. जेथे छात्रसेनेचा विभाग आहे तेथे त्याचे अधिकारी असलेले प्राध्यापक या कामास स्वाभाविकपणे योग्य ठरतात.

पत्रव्यवहारात काही काळजी घ्यावी लागते. महाविद्यालयाचे पत्र युनिटच्या कमान अधिकाऱ्याच्या नावे, जवानाच्या हाती द्यावे आणि त्यात आस्थापनेचे नाव, तारखा, रोजचे तास, कामाचे स्वरूप, ‘कोणतेही वेतन दिले जाणार नाही’ हे वाक्य आणि पर्यवेक्षकाचे नाव असावे. उलट दिशेने जवानाकडून मात्र कमीतकमी माहिती घ्यावी. विद्यार्थ्यांच्या अर्जात ‘सध्याच्या कामाचे ठिकाण व स्वरूप’ असा रकाना असतो. सेवेतील सैनिकाच्या बाबतीत तो रिकामा सोडावा. तो कोठे तैनात आहे, त्याच्या तुकडीकडे काय आहे, हे अहवालात येण्याचे काहीच कारण नाही. आंतरवासितेची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्याची महाविद्यालयांना लागलेली सवय येथे आवरती घेणे आवश्यक आहे.

आस्थापनेच्या मालकालाही थोडे सांगावे लागते. गावात फौजी माणसाविषयी आदर असतो आणि त्या आदरामुळेच शिकविणे अडते. चाळिशीच्या सुभेदाराला ‘साहेब, बसा’ म्हणून खुर्ची आणि चहा दिला जातो. वही कोणी दाखवीत नाही. उलट सुभेदारालाही विशीतल्या मुनिमाकडून शिकणे अवघड जाते. पर्यवेक्षक अध्यापकाचे खरे काम येथे असते. पहिल्या आठवड्यात एकदा प्रत्यक्ष जाऊन, कोणती वही पाहायची आणि कोणाला काय विचारायचे, हे दोघांसमोर ठरवून देणे हे त्याने करावे. जवानाने रोज एक पान लिहावे. सैन्यात अहवाल लिहिण्याची सवय असतेच. फक्त तेथे ‘काय झाले’ एवढेच लिहितात, येथे ‘किती खर्च, किती उत्पन्न’ हेही लिहावे लागते.

कालावधीचा मेळ घालणे ही शेवटची अडचण. सैनिक महिन्याच्या अखेरच्या तारखेस सेवामुक्त होतो आणि तो महिना वर्षातील कोणताही असू शकतो. विद्यापीठाचे सत्र मात्र ठरलेल्या वेळीच सुरू होते. ऑक्टोबरअखेर निवृत्त झालेल्या माणसाला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या नियमित अभ्यासक्रमात येण्यासाठी पुढील जूनची वाट पाहावी लागते. ही आठ महिन्यांची पोकळी सर्वांत घातक असते. पेन्शनची विक्री, उपदान, भविष्य निर्वाह निधी या रकमा याच काळात हाती येतात आणि प्लॉट, चारचाकी, नातलगांचे हातउसने यांत त्या जाऊ लागतात. आंतरवासितेचा दुसरा, वेतनासह चालू शकणारा टप्पा नेमका येथे बसवावा. ऑक्टोबरात आलेल्यास हळदीचा हंगाम समोरच असतो आणि जूनपर्यंत तो पूर्णही होतो. मार्चमध्ये आलेल्यास सत्र सुरू होण्यापूर्वी तीन महिने मिळतात. पदवीसाठी नाव नोंदविलेल्याने आपले कार्यप्रशिक्षण विद्यापीठाच्या नियमांनुसार मान्य करून घेऊन शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा करावे. तेथे जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात, त्यामुळे मधल्या काळात घरच्या अडचणीने शिक्षण थांबले तरी केलेले काम वाया जात नाही.